घरची भवानी

डिचोलीच्या बाजारात आमचं समयांचं दुकान आहे. आता त्याचं शटर खालीच असतं, आणि किल्लीही गंजायला आली आहे. माझे वडील पितळेच्या समया घडवायचे. मागच्या पडवीत ओतकाम, पुढच्या खोलीत विक्री, आणि मधल्या उंबऱ्यावर बसून मी शाळेचा अभ्यास केला. हातोडी मात्र त्यांनी मला कधी धरू दिली नाही. मुलीच्या हाताला घट्टे पडले तर स्थळं येत नाहीत म्हणे. स्थळ आलं, लग्न झालं, चार वर्षांत मी परतही आले. त्यापेक्षा घट्टे परवडले असते.

दुकानात मला एकच काम होतं, पण ते मानाचं होतं. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. दुपारपर्यंत ती झाली नाही, की बाबा बेचैन व्हायचे. मग ते माझ्या हातात एक नाणं ठेवायचे आणि मला मागच्या दाराने बाहेर सोडायचे. मी वळसा घालून पुढच्या दाराशी यायचे, गिऱ्हाईक बनून.

"काय व्हया बाय तुका?" बाबा गंभीर चेहऱ्याने विचारायचे. जणू मला पहिल्यांदाच पाहत होते.

"एक निरांजन दी."

मी त्यांचंच नाणं त्यांना द्यायचे, ते कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचे आणि निरांजन कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवायचे. ही घरची भवानी. ती झाली की खरं गिऱ्हाईक येतं, असा त्यांचा विश्वास होता, आणि पुष्कळदा यायचंही. संध्याकाळी मी ते निरांजन परत फळीवर ठेवायचे.

खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र आणखी एक गोष्ट मिळायची. निरांजन असो की समई, बाबा त्यात पाच वाती ठेवायचे, आईने वळलेल्या, केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेल्या. नव्या घरात पहिल्यांदा दिवा लागतो तो आपल्या वातीने लागावा, ही आमच्या घरची रीत. मी एकदा रुसून म्हटलं, माझ्या निरांजनात वाती का नाहीत?

"वाती खऱ्या गिरायकाक," बाबा म्हणाले. "तुजां निरांजन सांजेक परत येतला."

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की, पुढे मी जो मूर्खपणा केला तो मला त्या दुकानानेच शिकवला होता.

बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा काम बंद झालं. राहिलेला माल एकेक करून गेला. आई गेली. शेवटी एकच समई उरली. दीड हात उंचीची, वर मोर, मोराच्या पिसाऱ्यावर एकेक रेघ हाताने कोरलेली. हात चांगला होता तेव्हाची ती शेवटची. म्हापशाहून एक व्यापारी दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्याने वजनकाटा काढला.

"वजनार विकूक ती काय सुकी सुंगटां?" समई म्हणजे बाजारातली सुकी कोळंबी नव्हे, म्हणत बाबांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

मग त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, फार दिवस नाहीत. बाबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्याच आठवड्यात खाटेवर पडल्यापडल्या ते मला म्हणाले, "माज्या आदीं ती कोणाच्या तरी घरात जावंदी. मागीर माका व्हरूंदी."

आधी समई जावी, मग आपण, एवढंच. त्यांना दुसरं काही नकोच होतं. पथ्याचं खाणं नको, वाळपईची आत्या भेटायला नको. समई कुणीतरी मागून न्यायला हवी होती, आणि ती लागायला हवी होती.

मी सर्वणच्या एका शाळेत ऑफिसात काम करते. तिथल्या संगणकावर मधल्या सुट्टीत मी लिलावाच्या एका साइटवर विक्रेती म्हणून खातं उघडलं. आयुष्यात कधी साधी रद्दी विकली नव्हती. फोटो काढले, सगळे तिरके. वस्तू नवी की वापरलेली, असं विचारलं होतं. अठरा वर्षांपूर्वी केलेली आणि एकदाही न विकलेली समई कशात बसते, ते काही त्या पानाला माहीत नव्हतं. आणि वजन लिहिल्याशिवाय पान पुढे सरकेना. बाबांना न सांगता मी समई काट्यावर ठेवली. त्या दिवशी मला चोरी केल्यासारखं वाटलं.

लिलाव सात दिवसांचा होता. पहिले चार दिवस कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी एक प्रश्न आला. विचारणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. त्याने विचारलं होतं, दांडी आणि थाळी जुळते तिथून तेल गळतं का?

मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. ते उठून बसले. कितीतरी दिवसांनी आपले आपण उठून बसले.

"हो मनीस खरो," ते म्हणाले. "ह्येच्या घरात समई पेटता. लिही तेका, दीसभर पेटती ठेवन बघितलंय, थेंब पडूक नाय."

मी तसंच लिहिलं. उत्तर आलं नाही. सहावा दिवस कोरा गेला. बाबा दर तासाला विचारायचे आणि मी दर तासाला चिडायचे. म्हातारा माणूस आशेने विचारतो आणि आपण त्याच्यावर खेकसतो, हे मला आज आठवलं तरी अन्न गोड लागत नाही.

सातव्या दिवशी सकाळी शाळेत बसल्याबसल्या मला ती भवानी आठवली. मनात म्हटलं, मागच्या दाराने जावं आणि पुढच्या दाराने यावं. कुणीतरी पहिलं नाणं टाकलं की बाकीचे येतात. मी ऑफिसातूनच दुसरं खातं उघडलं आणि माझ्याच समईवर बोली लावली. जास्तीत जास्त किती देणार, असं विचारलं होतं. बाबांच्या समईला शोभेल असा चांगला भरभक्कम आकडा मी ठोकून दिला. पण पानावर दिसला तो नुसता सुरुवातीचा भाव. माझा आकडा गेला कुठे, हे काही मला कळलं नाही. वैतागून मी संगणक बंद केला आणि दाखल्यांच्या कामाला लागले.

अशा लिलावात जाणते लोक शेवटच्या घटकेपर्यंत गप्प बसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आपण भरलेला आकडा साइट मनात ठेवते, समोरचा चढला की आपल्या वतीने आपोआप एक पाऊल पुढे टाकते, हेही नाही.

दुपारी उघडून पाहिलं तर लिलाव संपला होता. अकरा बोल्या लागल्या होत्या. तेल गळतं का विचारणारा तो माणूस शेवटच्या पंधरा मिनिटांत आला होता, पुन्हापुन्हा चढला होता, आणि दर वेळी मी त्याला मागे ढकललं होतं. आणि मी तेव्हा सर्वणच्या शाळेत बसून शिक्के मारत होते. समई मी जिंकले होते.

त्याला कळवावं म्हणून धावपळ केली. काय लिहावं ते जुळवेपर्यंत साइटचं पत्र आलं. दोन्ही खाती एकाच व्यक्तीची आहेत, व्यवहार रद्द, खाती बंद. त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या माणसाला गाठायचा रस्ता तेवढाच होता, आणि तो मीच बुजवला.

घरी आले तर बाबा दाराकडे तोंड करून बसलेले.

"गेली," मी म्हटलं.

"तोच मगो? तेल गळता काय विचारी, तो?"

"होय, तोच."

खोटं बोलताना मी फार बोलते. मी म्हणाले, तो नाशिकचा आहे, नवं घर बांधलंय, बायको आहे, दोन मुलगे आहेत, मोठ्याची मुंज आहे. बाबा माझ्याकडे बघत सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पेंढो हाड. बांधूया."

मी पेंढा आणून दिला. समई बांधायला त्यांना दोन दिवस लागले. मला त्यांनी हात लावू दिला नाही. मोर वेगळा, थाळ्या वेगळ्या, दांडी वेगळी, प्रत्येक तुकड्याभोवती पेंढा आणि जुनी वर्तमानपत्रं. मी खोकं स्कूटरला बांधून पाठवायला म्हणून नेलं आणि शाळेच्या स्टेशनरीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतर समई पोचली का म्हणून ते रोज विचारायचे, "पावली काय गो?" पाचव्या दिवशी मी म्हटलं, पावली.

"पेटयल्यानी?"

"पेटयल्यानी, बाबा. पाचय वाती. तुमच्याच वातींनी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरां जाला," म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे वळले. त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही. पुढच्या पंधरवड्यात ते गेले. निदान समाधानाने गेले, असं मी स्वतःला सांगत राहिले.

तेरावं झाल्यावर मी खोकं शाळेतून आणलं. घरी नेववेना, म्हणून दुकानात नेलं. शटर वर करायला शेजारच्या भांडीवाल्याची मदत घ्यावी लागली. तो गेल्यावर मी जमिनीवर बसून दोऱ्या सोडल्या. पेंढा काढला, दांडी काढली, एकेक थाळी काढली, मोर काढला. मग खोकं उलटं केलं. प्रत्येक वर्तमानपत्र उलगडून झटकलं. सगळा पेंढा बोटांनी विंचरून पाहिला.

वाती नव्हत्या.

बाबा विसरले असतील, असं म्हणायची मला फार इच्छा आहे. पण आई गेल्यावर ते स्वतः वाती वळायचे, हात थरथरायला लागल्यावरसुद्धा, आणि वाती न घालता त्यांनी कुणालाही काही विकलेलं नाही. एक मी सोडून. दोन दिवस ते माझ्यासमोर बसून पेंढा भरत होते. रोज विचारत होते, पावली काय. गंभीर चेहऱ्याने, अगदी तसंच, जसं मी पुढच्या दाराशी उभी असायचे तेव्हा विचारायचे. आणि मी त्यांना सांगितलं, तुमच्याच वातींनी.

समई जोडली आणि निरांजन ठेवायचे त्याच, आता रिकाम्या, फळीवर ठेवली. संध्याकाळ झालीच होती.