गुंजनच्या आठवड्यातल्या दोन सकाळी

धान कापून झालं की दवनीवाड्याच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, रिकामी पडतात, आणि त्यांच्यामधले मातीचे पार, म्हणजे बांध, उघडे पडतात. कोणाला त्यावरून चालायचं सुचतं, कोणाला बसून बिडी प्यायचं. शिवलाल कटऱ्यांच्या उर्वशीला त्यावरून मोटारसायकल उडवायचं सुचलं.

गावाने तिला कमी ऐकवलं नाही. पानठेल्यावरचा उदाराम म्हणायचा, "पोट्टी हाय का टिटवी, बाप्पा? पाय जमिनीले लागू देत नाही." रेणूकाकू तिच्या आईला, दुलारीला, नळावर गाठून विचारायच्या, "अवो दुलारीबाई, पोरीचं लगन करतां का लायसन काढतां?" दुलारी घागर उचलून चालू पडायची. शिवलालला कोणी छेडलं तर तो शांतपणे म्हणायचा, "गाडीच चालवते न जी, सरकार तं नाही चालवत?"

सुरुवात त्यानेच करून दिली होती. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लागली की तो दहा वर्षांच्या उर्वशीला मांडीवर घ्यायचा आणि क्लचवर तिचा पाय ठेवायचा. कोणत्या बांधीत चाक रुततं, कोणत्या मातीत घसरतं, हे तिला तेव्हापासून बसल्या जागी कळायचं. पुढे भाऊ टिकेश गोंदियाच्या गॅरेजात लागला आणि घरी नटबोल्ट बोलायला लागला. उर्वशी त्यातलं निम्मं ऐकून शिकली, निम्मं त्याची झोप मोडून.

दोन गल्ल्या सोडून बकाराम बहेकारांची गुंजन राहायची. दोघी एका बसने गोंदियाच्या कॉलेजात जायच्या. उर्वशीला उडताना पाहून गुंजनलाही तेच वेड लागलं. पण शर्यतीची गाडी एका घराच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून दोन घरांनी मिळून नागपूरहून एक जुनी आणली. त्या दिवशी बकारामने ओट्यावर बसून निकाल दिला, "आमच्या घरी एक बैल राहे, शिवलालभाऊच्या घरी एक. दोन्ही जोडले का नांगर चाले. ही गाडी तसीच. एक शर्यत उर्वशीची, एक गुंजनची. जिचा नंबर, तिच्या शर्यतीच्या आधीचा हप्ता, सातही दिवस, तिचा. दुसरीनं गाडीवर टांग टाकायची नाही."

"लिहून ठेवा न, बाबा," गुंजन म्हणाली.

"बैलाचं कधी लिहिलं होतं?"

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. नागपूरला उर्वशी तिसरी आली. पुढची शर्यत डिसेंबरात, खुद्द गोंदियाला, आणि नंबर गुंजनचा. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बातमी आली की पुण्याहून एक मॅडम येणार आहेत, मुलींमधून एकीला निवडून दोन महिने शिकवायला नेणार आहेत.

उर्वशीने गुंजनचं अभिनंदन केलं. खरंच केलं. आणि त्या दिवसापासून तिला भात गोड लागेना.

गाडी कटऱ्यांकडेच असायची, कारण शेड त्यांच्याकडे आणि टिकेशही. गुंजन संध्याकाळी येऊन सराव करून जायची. शर्यतीच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी धुक्यात उर्वशी गोठ्याकडे निघाली आणि गाडीशी थांबली. थंडीत इंजन जरा फिरवून ठेवलं पाहिजे, असं तिने स्वतःलाच सांगितलं. दोन फेऱ्या मारल्या. कोणी पाहिलं नाही. गुरुवारी इंजनचं कारण सांगायचीही गरज उरली नाही, दोनाच्या आठ फेऱ्या झाल्या. हवेचा फिल्टर धुळीने भरला. तो काढून तिने रॉकेलमध्ये धुतला, दोरीवर वाळत टाकला, गाडीवर ताडपत्री ओढली आणि बस पकडली.

धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशीन शनिवारी येणार होती. मशीनवाला धर्मेंद्र तसं सांगून गेला होता. पण ज्याच्याकडे गुरुवारी जायचं त्याचं धान ओलं निघालं, आणि धर्मेंद्र दुपारीच कटऱ्यांच्या खळ्यात येऊन हॉर्न वाजवू लागला. आलेली मशीन परत पाठवणारा माणूस त्या गावात जन्माला यायचा आहे. दुलारीने धावपळ केली, गाडीवरची ताडपत्री ओढली आणि धानाखाली अंथरली. ताडपत्री असते कशासाठी?

उर्वशी परतली तेव्हा खळ्यात पिवळ्या गर्द्याचा ढग उभा होता. भुशाने भुवयासुद्धा माखलेली आई हसत ओरडली, "टुरी, मशीन आय गयी!" आणि त्या ढगात, मशीनपासून वीस पावलांवर, गाडी उभी होती. फिल्टर दोरीवर. गाडीचं तोंड उघडं.

मशीन चालू म्हणून गुंजन त्या संध्याकाळी सरावाला आली नाही. उर्वशीने फडक्याने पुसलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, पेट्रोलने धुतलं. किक मारली, सुरू झाली. एक्सलेटर पिळला, सोडला. आवाज खाली आला. पुन्हा पिळला, सोडला, खाली आला. पाचव्यांदा सोडला तेव्हा आवाज तसाच वर राहिला, एक श्वासभर, आणि मग उतरला.

टिकेश त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी देवरीला मुक्कामाला होता. तिने फोन काढला, "दादा, कार्बोरेटर" एवढं लिहिलं आणि पुसलं. टिकेशच्या पोटात काही राहत नाही. तो पहिला प्रश्न तिला विचारणार आणि दुसरा फोन गुंजनला लावणार: फिल्टर उघडला कोणी, आणि कायले?

शुक्रवारी, शनिवारी गुंजनने सराव केला. उर्वशी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून कान देऊन ऐकत होती. एकदाही अडकलं नाही. निघून गेला असेल कचरा, असं तिने ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, स्वतःची समजूत घातली.

रविवारी बालाघाट रोडवरच्या मैदानात टँकरने पाणी मारून धूळ बसवली होती, वळणांवर तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, गठ्ठे रचले होते. माइकवरचा माणूस सकाळपासून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "भाइयों, बहनों और पेड़ पर चढ़े हुए बच्चों! आ रही है गोंदिया की शेऽऽरनी!" येणारी प्रत्येक मुलगी त्याच्यासाठी शेरनी होती. तासाभरात त्याने अकरा मोजल्या. नागझिऱ्याच्या जंगलातही वाघिणी एका वेळी एवढ्या दिसत नाहीत.

पुण्याच्या मॅडम स्वतःहून उर्वशीजवळ आल्या. "अगं, तूच ना ती? नागपूरला पाहिलं होतं मी तुला. छान उडी घेतलीस तेव्हा. आज नाहीस का?"

"आज गुंजनचा नंबर हाय."

"म्हणजे?"

"गाडी एकच हाय न, मॅडम. एक डाव तिचा, एक माझा."

"अय्या, किती गोड! इतका समजूतदारपणा हल्ली बघायला मिळत नाही गं." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. उर्वशीला तो खांदा कुठेतरी नेऊन ठेवावासा वाटला.

सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या फेरीत गुंजन मोठ्या उंचवट्यावरून उडाली, सरळ, सुंदर उडाली. पण खाली टेकली तेव्हा इंजनचा आवाज उतरला नाही. गाडी वळणाकडे सुसाट सुटली. गुंजनने क्लच दाबला, ब्रेक दाबला, तणसाच्या गठ्ठ्यांना चाटून कशीबशी वळली. माइकवाला खूश. "क्या जिगर है! शेरनी ने ब्रेक को तलाक दे दिया!" लोक हसले, टाळ्या पडल्या. त्या गर्दीत तो आवाज कशाचा, हे एकट्या उर्वशीलाच माहीत होतं.

गुंजन परत आली, हेल्मेटची काच वर केली. "माया हात कापते वो, उर्वशी. खाली आल्यावर मी सोडतो, पण हात सुटतच नाही वाटते. एवढी घाबरली काऊन मी? लोक पाहून राहिले म्हणून?"

बकाराम पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "कोणी खात नाही तुले, पोरी. घरचंच मैदान समज."

"हात सैल सोड," उर्वशी म्हणाली.

तिने म्हटलं. तिच्याच आवाजात, नेहमीसारखं. गुंजनने मान डोलावली, दोनदा बोटं मोकळी केली आणि काच खाली ओढली. इतका विश्वास होता तिचा. माइकवरून मुलींना रांगेत बोलावणं झालं आणि गुंजन गाडी पुढे नेऊ लागली.

उर्वशी पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली.

"सर न बाजूले."

"तुया हाताचा दोष नाही. एक्सलेटर अडकून राहिला."

"तुले काय माहीत?"

"गुरुवारपासून माहीत हाय. फिल्टर काढून ठेवला होता मी. मशीन आली, ताडपत्री आईनं धानाखाली घेतली. गर्दा गेला आत."

गुंजनने इंजन बंद केलं. माइकवाला काहीतरी ओरडत होता.

"फिल्टर कायले काढला होता?"

"मळला होता."

"बुधवारी संध्याकाळीच तं मी धुतला होता."

उर्वशी हँडलवरची धूळ पुसू लागली.

"कोणत्या दिवशी बसली होतीस?"

"गुरुवारी."

"गुरुवारीच?"

"बुधवारी पन."

गुंजन खाली उतरली. हेल्मेट काढलं नाही, त्यामुळे तिचं तोंड कसं झालं ते दिसलं नाही. "आन आता मले म्हणतेस, हात सैल सोड," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

देवरीहून थेट मैदानात आलेल्या टिकेशने धावत येऊन कार्बोरेटर खोलला. आतून भुशाची बारीक कुसळं निघाली. "हे पाहा, धान पिकवलं की यात!" असं बोलून गेल्यावर त्याने एकीकडून दुसरीकडे पाहिलं आणि खाली वाकून पाना फिरवू लागला. साफ करून, जोडून, तपासून होईपर्यंत शर्यतीच्या दोन फेऱ्यांपैकी पहिली संपली होती. दुसरीत गुंजन दुसरी आली. इंजन तिच्या हातात लहान लेकरासारखं ऐकत होतं. माइकवाला म्हणाला, "शेरनी की नींद ज़रा देर से खुली!" पण बेरीज दोन्ही फेऱ्यांची होती. मॅडमनी बालाघाटची एक मुलगी निवडली.

जाताना त्या गुंजनला म्हणाल्या, "पुढच्या वेळी गाडी आधी नीट तपासून आण हं, बाळा. अशा चुका महागात पडतात."

"हो, मॅडम," गुंजन म्हणाली. एवढंच. उर्वशीकडे बोट दाखवलं नाही, नजरही वळवली नाही.

परत येताना गुंजन पिकअपमध्ये पुढे बापाजवळ बसली. मागे गाडी धरून उर्वशी उभी होती, खड्ड्याखड्ड्याला हँडल पोटात खात. घरी आल्यावर तिने सगळं शिवलालला सांगितलं. "बकारामभाऊच्या बैलाले त्याच्या दिवशी मी कधी हात नाही लावला," तो म्हणाला. "एका वर्षी बांधी पडीक राहिली, तरी नाही लावला." मग टोपी घालून बहेकारांकडे गेला आणि लगेच परत आला. बकारामने एवढंच सांगितलं होतं की पोरींचं पोरी पाहतील, फक्त गाडी आता आमच्या शेडात राहील.

जानेवारीत भंडाऱ्याची शर्यत होती. नंबर उर्वशीचा. ती बहेकारांच्या दारात गेली. गुंजनची आई प्रेमिलाकाकू तिला "ये वो" म्हणाल्या आणि नेहमीसारखा चहा विचारायला विसरल्या.

"हा नंबर तू घे," ती गुंजनला म्हणाली.

"कायले? माया नंबर होऊन गेला. तुया नंबर तुयाच हाय. मले दान नको देऊ."

आणि शब्दाला जागून, ठरलेल्या सोमवारी सकाळी गुंजनने गाडी शेडातून बाहेर काढली. टाकी भरलेली, चेन पुसलेली, फिल्टर स्वच्छ. उर्वशी रोज सकाळी न्यायची, रोज अंधार पडायच्या आत परत आणायची. आणल्यावर गुंजन बाहेर यायची. पूर्वी आपल्या हप्त्यात कटऱ्यांकडे आली की ती उर्वशीच्या हातातून हँडल हिसकायची, टांग टाकायची, एका किकेत अर्ध्या गल्लीत असायची, मागून दुलारीच्या शिव्या.

आता ती गाडी स्टँडवर लावते, किक मारते, खाली बसून कान इंजनजवळ नेते. एक्सलेटर पिळते, सोडते, ऐकते. पुन्हा पिळते, सोडते, ऐकते. घाई करत नाही. तिचं पुरतं समाधान होईपर्यंत उर्वशी हातात हेल्मेट घेऊन अंगणात उभी राहते.