पाणी तापवावं की बत्ती लावावी

माझ्या हातून आयुष्यात एकाच माणसाला काळं फासलं गेलं, आणि तो माझ्या बहिणीचा होणारा सासरा होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच मोडायचं आणि मी केनवडच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. (शिकवायचो हे माझं म्हणणं. मुलांना विचारायला जाऊ नका.) गावात विजेचे खांब आले होते, पण आमच्या वस्तीच्या अलीकडे, नाल्यापाशी येऊन ते जे थांबले ते थांबलेच. बाबांनी मात्र घरात बल्ब कुठे लावायचा ती जागा दोन वर्षांपूर्वीच ठरवून तिथे आढ्याला खिळा ठोकून ठेवला होता. त्या खिळ्याला सध्या लसणाची जुडी टांगलेली असायची.

अशात मला अकोल्याला विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला पाठवलं गेलं. तिथे बाहेरून आलेल्या एका साहेबांनी उन्हाच्या दोन करामती दाखवल्या. एक म्हणजे काळ्या रंगाचा, वर काच बसवलेला पत्र्याचा डबा. त्यात दुपारपर्यंत पाणी चांगलं तापलं. दुसरी म्हणजे तळहाताएवढी निळसर पट्टी. ती उन्हात धरली की तिला जोडलेला इवलासा पंखा फिरायचा. डब्याला सगळ्यांनी हात लावून पाहिला. पट्टीला हात लावायची परवानगी नव्हती. मी तिसऱ्या रांगेतून पाहिली, तीही पुढच्या मास्तरांच्या टोपीच्या बाजूने.

घरी येऊन मी दोन्हींचं असं वर्णन केलं, की जणू दोन्ही माझ्या पिशवीतच आहेत. लगेच घरात दोन पक्ष पडले. मायला पाणी हवं होतं. हिवाळ्यात पहाटे उठून कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून तिच्या डोळ्यांचं पाणी झालं होतं. बाबांना बत्ती हवी होती. खांब आला नाही तर न येवो, सूर्य काही नाल्यापाशी थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी बहीण शकुन मॅट्रिक झालेली आणि गावच्या बालवाडीत शिकवणारी. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "दादा, पानी तापवनं तुले जमन. पन ते निळी पट्टी तुले करता येते काय?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणालो की आधी पाणी करू, मग बत्तीचं बघू. त्या वाक्यातला पहिला भाग मायने ऐकला आणि दुसरा बाबांनी.

मी कामाला लागलो. घासलेटचे दोन रिकामे डबे डाग देऊन एकमेकांना जोडून घेतले. लाकडी खोक्यात खाली कुटार, म्हणजे भुसा, भरलं, वर डबे ठेवले, त्यावर हेडमास्तरांना विचारून आणलेली शाळेच्या जुन्या खिडकीची काच बसवली. पाणी खाली आणायला रबरी नळी लावली. डब्यांना द्यायचा काळा रंग मात्र घरीच केला, जवसाच्या तेलात कंदिलाची काजळी घोटून. तो वाळला का, असं शकुनने विचारलं तेव्हा मी म्हणालो, सूर्य वाळवेल. छपरावर चढवलेलं ते धूड लांबून छोट्या मढ्याच्या पेटीसारखं दिसायचं, असं शेजारीपाजारी म्हणत. पण पाणी कोमट व्हायचं. मायने चार दिवस त्याने अंघोळ केली आणि मला पहिल्यांदाच मास्तर म्हणून हाक मारली.

त्याच सुमारास शकुनला इंझोरीचं स्थळ आलं. मुलगा वाशीमला पोस्टात नोकरीला, घरची थोडी शेती, माणसं चांगली. शकुनने मुलाला वाशीमच्या एका कार्यक्रमात पाहिलं होतं आणि ती काही बोलली नव्हती. ती काही बोलत नाही याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. बाबा इंझोरीला घर पाहायला गेले आणि परत आले ते जरा जास्तच गप्प. मायने खोदून विचारलं तेव्हा कळलं की मुलाच्या वडिलांना, नारायणरावांना, ते सांगून आले होते: आमच्या घरी सूर्यावर बत्ती चालते.

"सांगून बसलो आता," बाबा मला म्हणाले. "तू मास्तर हायेस. काहीतरी कर."

शकुन म्हणाली की खरं काय ते सांगून टाका. तिचं ऐकायला हवं होतं. पण मी विज्ञानाचा माणूस! मी आढ्याच्या खिळ्यावरून लसूण काढला, तिथे टॉर्चचा बल्ब टांगला, त्याच्या दोन्ही तारा मडक्यांच्या उतरंडीत लपवलेल्या सेलना जोडल्या, आणि आणखी एक तार, जिचा कशाशीच संबंध नव्हता, छपरावरच्या खोक्यापर्यंत नेऊन बांधली.

पाहुणे भर दुपारी आले. नारायणराव पांढऱ्याशुभ्र धोतरात, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. मुलगा मागे. चहा झाला आणि नारायणरावांनी बत्तीचं काढलं. आता टॉर्चचा बल्ब भरदुपारी दिसणार कसा? मग दार लावलं, खिडकी लावली. सूर्याची बत्ती पाहण्यासाठी सूर्याला बाहेर ठेवावं लागलं. आत चूल पेटलेली होती, पाहुण्यांसाठी भजी तळणं चालू होतं. दोन मिनिटांत धूर कोंडला आणि सगळे डोळे पुसत वर बघायला लागले. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर घरात काय वाईट घडलं म्हणून विचारायला आलं असतं.

बल्ब लागला खरा. पण सेल जुने होते. तो पिवळा झाला, मग तांबडा.

"मास्तर," नारायणराव खोकत म्हणाले, "बत्ती बारीक होऊन राह्यली."

"ढग आला असन," मी म्हणालो.

नारायणराव उठले, त्यांनी दार उघडलं आणि अंगणात जाऊन वर पाहिलं. हिवाळ्याचं आभाळ. त्यात ढग सोडा, घारसुद्धा नव्हती. मग ते खोक्याच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले आणि यंत्र बारकाईने पाहू लागले.

आता त्यांनी तार ओढू नये म्हणून मी शिडीवर चढलो. वर जाऊन काहीतरी दुरुस्त करतोय असं दाखवण्यासाठी खोकं जरा सरकवलं. रबरी नळी निसटली. डबा कलंडला आणि आतलं पाणी, न वाळलेली काजळी आणि जवसाचं तेल वाटेत बरोबर घेऊन, नारायणरावांच्या टोपीपासून वहाणांपर्यंत उतरलं. पाणी कोमट होतं म्हणून माणूस वाचला. माझं यंत्र नीट चाललं असतं तर पाहुणे भाजले असते.

मी शिडीवरच होतो, कारण खाली यायचं धाडस नव्हतं. तेवढ्यात शकुन आत गेली, उतरंडीतले सेल पदरात घेऊन आली आणि ते नारायणरावांसमोर धरले.

"काका, बत्ती याच्यावर चालते," ती म्हणाली. "उन्हानं पानी तापवाले काळा डबा अन काच पुरते. ते दादाले जमलं. वीज कराले येगळी पट्टी लागते, ते आपल्याकडं नाही. दादानं बी लांबूनच पाह्यली."

नारायणरावांच्या तोंडावर फक्त डोळे पांढरे होते. ते बाबांकडे वळले. "मंग बत्तीचं काहून सांगतलं?"

बाबा खाली मान घालून म्हणाले, "खांब नाल्यापाशी थांबला. पोरीले अंधाऱ्या घरातली म्हनतीन, असं वाटलं."

नारायणरावांनी ठिबकती टोपी काढून पिळली. मग म्हणाले, "घर पाहाले आले तवा खांब दिसला काय तुमाले? आमच्या वस्तीत तरी कुठी आला हाय?"

पहिल्यांदा मुलगा हसला. मग शकुन. मग स्वतः नारायणराव, आणि ते हसल्यावर त्यांचे दात दिसले तेव्हा मायलाही आवरेना. डब्याच्या तळाशी उरलेल्या कोमट पाण्याने आणि शिकेकाईने त्यांना अंगणातल्या दगडावर बसवून धुतलं. बाबांचं धोतर नेसून त्यांनी भजी खाल्ली आणि जाताना सांगितलं की पोरगी पसंत आहे, खरं बोलते. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत, ते मी मोठेपणा समजलो.

उन्हाळ्यात इंझोरीला लग्न झालं. मांडवात गेल्यापासून एक दणकट गृहस्थ माझ्या शेजारून हलत नव्हते. पाणी आणून देत होते, जेवायला सोबत बसत होते. मुलीचा भाऊ, त्यात मास्तर, म्हणून हा मान असणार असं मी धरून चाललो. संध्याकाळी मांडवात गॅसबत्त्या लागल्या. त्यातली एक फुरफुरत होती, म्हणून मी सहज बघायला उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बसा मास्तर," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "तुमाले कोनत्याच बत्तीले हात लावू द्याचा नाही म्हनून नारायनरावनं मले सकाळपासून इथं बसवलं हाय."

मी बसलो. नवऱ्यामुलासाठीसुद्धा त्या दिवशी वेगळा माणूस ठेवलेला नव्हता.