खिळ्यावरचं मंगळसूत्र

माझ्या शेडमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला, एक खिळा आहे. सकाळी कुलूप उघडलं की मी हातातल्या पाटल्या उतरवते, मंगळसूत्र काढून त्या खिळ्याला अडकवते आणि मगच गाड्या घासून चमकवायच्या बफिंग मशीनला हात लावते. काचेच्या बांगड्या रोज काढता-घालता येत नाहीत, म्हणून त्या भरणंच सोडलंय. ह्या खिळ्यावरून म्हसवड-आटपाडी रस्त्यावरच्या आमच्या वस्तीत जेवढी चर्चा झाली, तेवढी कुणाच्या लग्नावरूनही झाली नसेल.

गाड्यांचं पॉलिश मी सांगलीत शिकले. नवऱ्याची नोकरी तेव्हा तिथं होती. आता तो मुंबईला असतो. गॅरेजवाल्या उस्तादांनी पहिल्या दिवशी मशीन दाखवलंच नाही. म्हणाले, अंगावरचं सगळं काढून ठेवा. गरगर फिरणाऱ्या पॅडमध्ये लोंबणारी वस्तू अडकली तर माणूस ओढला जातो, आणि नाही अडकली तर गाडीवर ओरखडा ओढते. बरोबर शिकणाऱ्या पोरांनी कडी, घड्याळं, पट्टे काढले. मी मंगळसूत्र काढलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

गावाकडं मात्र बघायला सगळ्यांना वेळच वेळ. शेड माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं, आबांचं. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं घरात त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. शेड रिकामं पडलं होतं म्हणून त्यांनी मला दिलं, पण बाई मशीन चालवणार हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेहून आबांची गाडी गुलालानं माखून आली. गर्द निळा रंग, नवी गाडी. आबांनी कोरडा टॉवेल घेतला आणि वाटेतल्या धुळीसकट तो गुलाल खसाखसा पुसून काढला, बूट चमकवतात तसा. दुसऱ्या दिवशी उन्हात बघतात तर बॉनेटभर बारीक गोल गोल रेघा. तेव्हा कुठं त्यांना सूनबाईची आठवण झाली.

मी गाडी धुतली. कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग पातळ असतो आणि तिथंच आधी जळतो. वायर खांद्यावरून पाठीमागं टाकली. पॅड बॉनेटवर टेकवून मग बटण दाबलं. हवेत सुरू केलं तर पॅडला लावलेलं पॉलिशचं औषध सगळीकडं उडतं. मशीन एका जागी थांबू न देता हळूहळू फिरवत होते. अर्धं बॉनेट आरशासारखं झालं आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्या आबांची नजर नेमकी खिळ्यावर गेली.

"नवरा जित्ता हाय न्हवं तुजा?"

मी मशीन बंद केलं. "हाय की. सकाळीच फोन आलता."

"मग गळा मोकळा कशापायी? लोक मला इचारत्यात. घाल ते गळ्यात, न्हाईतर शेड मोकळं कर."

खोटं कशाला सांगू, भीती वाटली. त्या शेडशिवाय माझं म्हणावं असं त्या गावात काहीच नव्हतं. शेड गेलं असतं तर मशीन माळ्यावर आणि मी पुन्हा चुलीपुढं. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या नवऱ्याची खुशाली माझ्या गळ्याला का विचारता? त्याला फोन लावा ना.

"आबा, शेड तुमचं हाय, गळा माजा हाय. मशीन चालू असताना मी घालणार न्हाई. उद्या शेड मोकळं करते. गाडी अर्धी झालीया, तेवढी पुरी करून जाते."

"तू कशाला? आण हिकडं. ह्याला जोर लागतोय, बाईचं काम न्हाई हे."

मी मशीन त्यांच्या हातात दिलं. "जोर लावायचा न्हाई, मशीनचं वजनच पुरतंय. आन आधी पट्टा काढा, बकल लागंल."

"फौजी माणूस पट्टा काढत न्हाई," आबा म्हणाले आणि गाडीवर ओणवे झाले.

ते एकाच जागी रेटायला लागले. मी हाताची मागची बाजू शेजारी टेकवून बघितली, पत्रा चांगलाच तापला होता. मी सरळ प्लग ओढला. बॉनेटचा रंग वाचला. पण आबा मागं सरकले तेव्हा मडगार्डवर दिव्यापर्यंत एक पांढरी रेघ उमटलेली दिसली. बरोबर बकलाच्या उंचीवर.

"घास की," आबा हळू आवाजात म्हणाले.

मी रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. "ही घासून जायची न्हाई, आबा. हितला रंगच गेलाय."

आबांनीही रेघेवरून नख फिरवलं. मग पाठ करून त्यांनी पट्टा सोडला. एका हातानं पॅन्ट सावरत दारापाशी गेले आणि पट्टा त्याच खिळ्याला, माझ्या मंगळसूत्रावर अडकवायला लागले.

"त्यो खिळा माजा हाय, आबा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी दुसरा मारते."

आणि हातोडी शोधायला लागले.