बाप जिवंत असताना

"ए कोणमेलं, इकडे ये. पाहुण्यांना करून दाखव."

रावसाहेबांनी मला असं बोलावलं, भर ओसरीवर. खुर्चीत अमेरिकेचा गोरा पाहुणा, बाजूला मास्तर, आणि मी पायरीवर, हातात चहाचं तबक.

कोणमेलं हे माझं नाव नाही. माझं नाव आजीनं ठेवलंय. देवासात ते कधी कुणी विचारलं नाही, म्हणून इथेही सांगत नाही. कोणमेलं हे बोर्डिंगनं ठेवलेलं नाव. ते कसं पडलं ते आधी ऐका, मग पुढचं कळेल.

आम्ही भिल्ल. उदयनगरच्या बाजूच्या जंगलातले. आमच्यात पोरगा केस वाढवतो, मागे बांधतो. डोकं साफ करतात ते माणूस गेलं की. बाप गेला की पोराचं डोकं. उगाच कुणी वस्तऱ्याला हात लावत नाही. मला लहानपणी बैलगाडीत घालून देवासला आणलं. भिल्लांच्या पोरांना माणसात आणायचं म्हणून रावसाहेबांनी बोर्डिंग काढलं होतं. माणसात. म्हणजे आधी आम्ही कशात होतो ते तेच जाणोत.

पहिल्याच सकाळी विहिरीशी बसवलं. न्हाव्यानं मान दाबली, म्हणाला, "चुप बैठ रे भिया." आणि वस्तरा फिरवला. केसांचा पुंजका मांडीवर पडला. मला वाटलं बा गेला. माझी गाडी निघाली आणि मागे बा गेला, आणि हे लोक मला सांगत नाहीयेत. मी किंचाळून आमच्या बोलीत विचारलं, कोण मेलं?

न्हाव्याला आमची बोली थोडी यायची. त्यानं सगळ्यांना सांगितलं. मास्तर हसले. रावसाहेब तर खांबाला धरून हसले.

कुणी म्हटलं नाही की तुझा बाप जिवंत आहे. एवढंच म्हणायचं होतं. तेवढं नाही झालं कुणाच्यानं. मी बापासाठी रडत राहिलो, आणि होळीच्या सुमाराला बा स्वतःच फाटकाशी येऊन उभा राहिला. त्यानं माझं डोकं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी तर आहे."

आत नाही येऊ दिलं त्याला.

तर असं ते नाव. मोठा झालो, मराठी शिकलो, छडीनं शिकलो, तरी नाव तेच. पाहुणे आले की मी मान दाबल्यासारखी करायची, डोळे मोठे करायचे, आणि विचारायचं, कोण मेलं? लोक हसायचे. पेढा मिळायचा. मला खरंच वाटायचं की मीच बावळट. साधे केस कापत होते आणि मी मरण काढलं.

त्या दिवशीही केलं. पण गोरा पाहुणा नुसता हसला नाही, त्यानं मांडीवर थाप मारली. तोडकी-मोडकी हिंदी बोलायचा. म्हणाला, "अरे, हमारे अपाची भी! बिलकुल यही!"

आणि त्यानं पेटीतून दोन फोटो काढले.

पहिल्यात पोरं होती, मुलं-मुली दोन्ही. मोकळे लांब केस, अंगावर घोंगडीसारखं काही, पाय धुळीचे. दुसऱ्यात तीच पोरं. गळ्यापर्यंत बटणं, पायात बूट, डोकी कातरलेली. पाहुणा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवत होता, हा तोच बरं का. बघा किती सुधारला.

मला सुधारलेलं काही दिसलं नाही. पहिल्या फोटोतली पोरं रागानं बघत होती. दुसऱ्यातली कुठेच बघत नव्हती.

पाहुणा सांगत गेला, रावसाहेब मास्तरांसाठी मराठी करत गेले, आणि मी तबक धरून ऐकत होतो. अपाची म्हणजे अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरांतले मूळचे लोक. गोऱ्यांच्या फौजेला त्यांनी कितीतरी वर्षं पळवलं. मग काही शरण आले, तर त्यांना आगगाडीत भरून पार दूर, दमट समुद्राकाठी नेऊन कैदेत टाकलं. आणि हे ऐका, ज्या अपाचींनी फौजेला वाटा दाखवल्या होत्या, त्यांनाही त्याच गाडीत. माझा बा रावसाहेबांच्या शिकारीला वाट दाखवायचा. 

तिथून पोरं निवडून शाळेत नेली. आयांनी घागऱ्याखाली लपवली, तरी काढली. त्यांच्यात कुणी मेलं की केस कापतात. मेलेल्याचं नावही घेत नाहीत, इतकं जपतात. आणि शाळेत कात्री लागली तसा पोरांनी एकच आकांत केला. त्यांना वाटलं, मागे सगळे मेले.

"रोते थे, बहुत रोते थे," पाहुणा म्हणाला. आणि हसला. रावसाहेब हसले. मास्तर हसले.

मी नाही हसलो. माझ्या डोक्यात नुसता जाळ. समुद्रापलीकडे, मला नावसुद्धा माहीत नसलेल्या एका पोरानं हेच विचारलं होतं. म्हणजे मी बावळट नव्हतो. आम्ही बरोबर विचारत होतो. उत्तर दिलं नाही याची लाज यांना वाटायला हवी होती, आणि इतकी वर्षं ती मी वाहत होतो.

रावसाहेबांना ते फोटो फार आवडले. म्हणाले, आपल्याकडेही असेच दोन काढू, शेजारच्या धार संस्थानला पाठवू, तिथल्या मंडळींना कळू दे देवासात काय काम चाललंय. नवी पोरं कालच आली होती.

सकाळी पोरांना विहिरीशी ओळीनं उभं केलं. पाहुण्यानं तीन पायांचा डबा मांडला, काळ्या कापडात डोकं घातलं. पहिला फोटो झाला. मग न्हावी बसला. पहिला नंबर लागला तो माझ्या काकाच्या पोराचा. चिमुरडा. दोन माणसांना आवरेना.

रावसाहेब म्हणाले, "कोणमेलं, तू धर त्याला. तुमच्या भाषेत समजाव. हलला तर वस्तरा लागेल."

मी धरला. हो, धरला. त्यानं मान वर केली, माझं भादरलेलं डोकं बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, कोण मेलं?

न्हावी खिदळला. रावसाहेब म्हणाले, "घ्या, दुसरा आला."

मी पोराला सोडलं आणि न्हाव्याचं मनगट धरलं. आमच्या बोलीत पोराला सांगितलं, कुणी नाही मेलं, तुझा बाप जिवंत आहे. मग रावसाहेबांकडे वळलो.

"गेल्या श्रावणात आबासाहेब गेले. तुमचे वडील. तेव्हा याच विहिरीवर, याच न्हाव्यानं तुमचं डोकं केलं. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. तुम्ही रडत होता, साहेब. कोण हसलं होतं?"

कुणी नव्हतं हसलं. एक पोरगा नुसता खोकला होता, तर त्याला छड्या पडल्या होत्या. मास्तरांना आठवलं असणार, ते खाली बघायला लागले.

"मुंडण कशाचं असतं ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हणालो. "माहीत असून आमचे बाप जिवंतपणी मारता."

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग पट्टा निघाला. पाठीवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे. पाहुणा विचारत होता, "क्या बोला? क्या बोला?" कुणी त्याला हिंदी करून सांगितलं नाही. संध्याकाळच्या आत मी फाटकाबाहेर होतो.

पोरांची डोकी दुसऱ्या दिवशी केलीच. काकाच्या पोराचंही. दोन्ही फोटो धारला गेले म्हणे.

आता काय करतोय ते सांगतो. दर हाटबाजाराच्या दिवशी मी देवासला येतो, बोर्डिंगच्या भिंतीबाहेर उभा राहतो आणि आमच्या बोलीत ओरडतो. तुझा बाप जिवंत आहे. तुझाही. तुझाही. शिपाई दगड मारतो. मारू दे. आतून एक आवाज येतो, चिमुरडा, तो उलटा ओरडतो, ऐकलं.

बाकीचे दिवस जंगलात, वस्ती-वस्तीवर. आयांना अपाचींच्या आयांचं सांगतो. बापांना सांगतो की लपवून भागत नाही, त्यांनी लपवून बघितलं. पुढची बैलगाडी येईल तेव्हा वाटेवर बाप उभे असतील, धनुष्य घेऊन. गाडी रिकामी परत जाईल. आणि जी पोरं आत आहेत ती मी आणणार आहे, काकाच्या पोरापासून.

माझे केस कानाखाली आलेत. बा आज सकाळी मोहाच्या झाडाखाली बसून मला शिव्या देत होता. धडधाकट आहे. जिवंत आहे.

आता या म्हणावं कुणी वस्तरा घेऊन.