मागाखालच्या ओल्या फळ्या
कूलरमधलं गवत भिजलं, की ओल्या लाकडाचा वास सुटतो आणि मला आमचं सोलापुरातलं जुनं घर आठवतं. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. खालच्या खोलीत आम्ही राहायचो आणि वर, सागवानी फळ्यांच्या जमिनीवर वडिलांचा हातमाग होता. कोरड्या हवेत सूत सारखं तुटायचं, म्हणून वडील रोज सकाळी मागाखाली पाणी शिंपडायचे. आजोबांपासूनची ती रीत. पण आजोबांचा माग खाली, मातीच्या जमिनीवर होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या वर्षी फळ्या फुगल्या, कडेनं उचलल्या, पाय ठेवला की दबायला लागल्या. कुंभारी गावच्या सुताराला बोलावलं. त्यानं पटाशी टेकवली, तर ती भिजलेल्या भाकरीत जावी तशी आत गेली. "खालची तुळईबी कुजलीय की," तो म्हणाला, "पाणी बंद करा, न्हायतर माग खाली येतोय." "पाणी बंद केलं तर सूत तुटतंय. मग खायाचं काय?" वडिलांनी विचारलं. सुतार चहा पिऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर पुन्हा पाणी शिंपडल्याचा आवाज आला. खाली आई आमची अंथरुणं खोलीच्या मधून ओढून भिंतीला लावत होती. मधोमध वर माग होता. आता माझ्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे, तरी कूलर सुरू केला की मी आधी पलंग भिंतीकडं सरकवते.