चार पावलं मागं

गुरुबसप्पाला रडू यायचं तेव्हा लोकांना वाटायचं, हा हसून राहिलाय. सख्ख्या मेव्हण्याच्या मातीला गेला, तर तिथंही तोंडावर तेच. ओठ ताणलेले, दात बाहेर, डोळे मात्र गच्च भरलेले. पण डोळ्यांकडं कोण बघतं हो! बायका पदराआडून म्हणाल्या, "मुडदा समोर हाय अन् ह्यो मेला दात काढतोय." नीलम्मानं, त्याच्या बायकोनं, सगळ्यांदेखत त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. भाऊ तिचा गेला होता. तिच्या बोटांची पकड त्याला आठवडाभर जाणवत होती.

गडी मूळचा देगलूरकडचा. ऐन तारुण्यात लातूरला आला अन् शहराबाहेरच्या मिश्रधातूच्या कारखान्यात लागला. मँगनीजचा दगड वितळवून पोलादात मिसळायचा धातू काढतात तिथं. बावीस वर्षं हा भट्टीच्या तोंडाशी. घंटा झाली की पहारीनं तोंड फोडायचं, अन् लाल धातू उसळून बाहेर आला की मागं सरायचं. वळायचं नाही. भट्टीला ज्यानं पाठ दाखवली त्याचं काही खरं नाही, उडालेला थेंब कुठं बसेल ते त्याला दिसत नाही. म्हणून तिथली माणसं तोंड भट्टीकडं ठेवून उलटी चालत येतात. आणि गुरुबसप्पासारखं उलटं चालणारा त्या कारखान्यात दुसरा नव्हता. नव्यानं भरती झालेल्यांना मुकादम सांगायचा, ह्याचे पाय बघून शिका.

देशभरच्या मिश्रधातू कारखानदारांचा एक महासंघ आहे, दिल्लीत त्याचं ऑफिस. त्यांनी एका वर्षी कॅलेंडर काढलं, त्यात मे महिन्यावर गुरुबसप्पाचा फोटो. फोटोवाला म्हणाला होता, "वा काका, काय मस्त हसता!" घरात कोण कौतुक त्याचं! वर्ष सरलं तरी नीलम्मानं ते भिंतीवरून उतरवलं नाही. अहो, तो हसत नव्हताच. तोंड तेव्हाच आखडायला लागलं होतं, पण हे त्याला फार उशिरा कळलं.

मग पायांची पाळी आली. पुढं चालताना कोंबड्यासारखा चवड्यांवर चालायचा अन् मागं पाऊल टाकलं की धाडकन पाठीवर. साहेब म्हणाले, दारू पिऊन येतो. दारू! गळ्यात लिंग असलेला माणूस, ज्यानं जन्मात कधी तिचा वास घेतला नाही, त्याला गेटवरून परत पाठवला. गल्लीतही बेवडा हे नाव पडलं. जळो त्या जिभा!

लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखणं ओळखलं. म्हणाल्या, "मँगनीजची धूळ मेंदूत बसली आहे. बरं व्हायचं नाही, पण भट्टीपासून लांब राहिलात तर वाढायचं थांबेल कदाचित. महासंघाचे डॉक्टर तपासणीला येतात ना, त्यांच्याकडून लिहून घ्या, की हा भट्टीचा आजार आहे."

एवढं एक वाक्य कागदावर आलं असतं तर कंपनीला त्याला बसून करायचं काम द्यावं लागलं असतं, अन् बेवडेपणाचा डागही धुतला गेला असता. नाही आलं तर एक तर परत भट्टी, नाहीतर कायमचं घर.

तपासणीच्या सकाळी नीलम्मा त्याच्या शर्टाची बटणं लावता लावता बजावत होती. "मागं चाला म्हणतील. पडायचं. घरी जसं पडताव तसंच पडायचं. सावरायला जाऊ नका, लाजू नका. कळालं का?"

"हाव."

"अन् हसण्यावारी नेऊ नका."

"म्या कुठं हसून राहिलो?"

"मला ठाव हाय," ती म्हणाली, अन् शेवटचं बटण लावायला तिला बराच वेळ लागला.

तपासणी कँटीनमध्ये होती. मलप्पा, भट्टीवरचा त्याचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार, अन् आणखी चार-पाच जण भिंतीला टेकून आपल्या नंबराची वाट बघत होते. डॉक्टर बोलायला गोड. "आता चार पावलं मागं या बरं."

पडायचं, गुरुबसप्पानं मनाशी म्हटलं. अंग सैल सोडलं. नेमकी त्याच वेळी पलीकडं भट्टीची घंटा झाली.

काय सांगावं! पाय त्याला न विचारता निघाले. एक, दोन, चार, सहा पावलं, सरळ रेघेत, नजर समोर, हात पहार धरल्यासारखे. मलप्पा ओरडला, "वा रं पठ्ठ्या! बघा सायेब, उलटं चालणं म्हंत्यात ह्याला!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या बिचाऱ्या मलप्पाला वाटलं, आपण दोस्ताची बाजू घेतली.

आणि खरं सांगायचं तर गुरुबसप्पालाही बरं वाटलं. किती दिवसांनी पाय त्याचे झाले होते. त्या सहा पावलांत तो नीलम्माला पार विसरला. ह्याचीच त्याला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

"सायेब, परत बघा, घरी म्या पडतो," तो म्हणायला गेला. आवाज पुटपुटल्यासारखा अन् तोंडावर तेच हसू. डॉक्टरही हसले. "अहो, तुम्ही तर आमच्या कॅलेंडरवरचे!" त्यांनी लिहिलं, तंदुरुस्त. सोमवारपासून भट्टीवर हजर.

दिवेलागणीला तो घरी पोचला तेव्हा नीलम्मा दारातच उभी होती. "पडलाव का?"

"न्हाई. घंटा झाली."

तिला आधी उमगेना. त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडली नाही. देव्हाऱ्यातली घंटा घेऊन आली अन् त्याच्या समोर, भट्टी असते त्या जागी उभी राहिली.

"घंटा ऐकून मागं येताव नव्हं? मंग इथंबी या. मला बघू द्या, म्हंजी सोमवारी जीव थाऱ्यावर ऱ्हाईल."

तिनं घंटा वाजवली. त्यानं पाऊल मागं टाकलं अन् तो धाडकन पाठीवर पडला. तिनं उठवला, उभा केला, परत वाजवली. परत पडला. तिसऱ्यांदा पडला तो उठेचना.

आवाज ऐकून शेजारची शिवगंगा दारातून डोकावली. जमिनीवर पडलेल्या गुरुबसप्पाचं तोंड तिनं पाहिलं. "अगं बाई, दादा लईच खुशीत दिसून राहिलेत की आज!"

"सोमवारी कामावर जायचंय त्यांना," नीलम्मा म्हणाली, अन् तिनं परत घंटा वाजवली.