मावशींचे पैसे माफ झाले नव्हते

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात लेखणी आली ती कुठे सही करण्यापुरती. ही पानं कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. मला बोलायला जमत नाही. चार माणसं समोर आली की घसा सुकतो, आणि जे सांगायचं ते आतल्या आत फिरत राहतं. म्हणून दुपारी घरात कुणी नसलं की लिहिते. दार वाजलं की पान गादीखाली सारते.

आम्ही दुष्काळात बार्शीकडून इकडे आलो. ह्यांच्या चुलतभावाने ह्यांना कंपनीत हेल्पर म्हणून चिकटवून दिलं, पण राहायला जागा नव्हती. कासारवाडी स्टेशनच्या अलीकडे रुळांच्या कडेला पालं टाकून बरीच माणसं राहत होती, त्यांच्यात आमचंही एक पाल पडलं. गाडी धडधडत गेली की चुलीतली राख उडून भाकरीवर बसायची. तिथे एका संस्थेचे लोक यायचे. त्यांच्यात पुढे असायचे एक म्हातारे गुरुजी. बेघर माणसाला आधी घर द्या, बाकीचं तो बघून घेईल, असं ते म्हणायचे. त्यांनी नगरपालिकेकडून संस्थेच्या नावावर कर्ज काढलं आणि बारा खोल्यांची पत्र्याची चाळ बांधली. आम्ही दर महिन्याला संस्थेला भाडं द्यायचं आणि संस्थेने त्यातून नगरपालिकेचा हप्ता भरायचा, असं ठरलं.

खोली ताब्यात मिळाली त्या संध्याकाळी मी दाराला आतून कडी लावली, काढली, परत लावली. ह्यांनी विचारलं, "कडी मोडतीस का काय?" मी आणखी एकदा लावली.

काही वर्षं बरी गेली. मग गुरुजी वारले आणि त्यांच्यामागे संस्थाही गेली. बाकीचे लोक एकेक करून यायचे थांबले, कचेरीला कुलूप लागलं, भाडं मागायला कुणी फिरकेना. आम्हाला तेव्हा बरंच वाटलं. पुढे एका सकाळी नगरपालिकेचा माणूस आला आणि पहिल्या खोलीच्या भिंतीवर खळ लावून एक कागद चिकटवून गेला. मी तो बोट ठेवून वाचला. कर्जाचे हप्ते थकले होते आणि चाळ जप्त होणार होती.

पहिल्या खोलीत जे गृहस्थ राहायचे त्यांना सगळी चाळ भाऊ म्हणायची. कंपनीत ते युनियनचं काम करायचे आणि बोलण्यात कुणाला ऐकत नसत. ते नगरपालिकेत जाऊन भांडून आले. साहेब म्हणाले होते, थकबाकीतले निम्मे पैसे महिनाअखेर भरा, जप्ती थांबवतो, पुढचं सभेत काय ते ठरेल. पण त्याच वेळी संप चालू होता. कुणाच्याच घरात पगार येत नव्हता. आम्ही वाण्याकडून पावशेर पावशेर तेल आणत होतो.

शेवटच्या खोलीत एक मावशी एकट्या राहायच्या. त्या मूळच्या महाळुंग्याच्या. नवरा गेल्यावर दिराने त्यांना घरात ठेवून घेतलं नाही, तेव्हापासून त्या रस्त्यावरच होत्या. रोज पहाटे त्या नाशिक फाट्यावर जायच्या, मिळेल त्या ट्रकने चाकणच्या बाजारात पोचायच्या आणि दिवसभर कांदा निवडायच्या. त्यांच्या लुगड्याला कांद्याचा वास, केसांना कांद्याचा वास. वाटीभर साखर उसनी दिली तर तिलासुद्धा तोच वास यायचा. त्यांनी पैसे साठवले होते, कारण अलीकडे दिराने निरोप धाडला होता: तुझ्या नवऱ्याच्या वाट्याची खोली मी दुरुस्त केली आहे, तिचा खर्च दे आणि खुशाल राहायला ये. म्हातारपणी आपल्या घरात मरायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तेच पैसे त्यांनी बाहेर काढले. "हितनं उठवलं तर तुमची पोरं परत रुळाकडंला जात्याल," त्या म्हणाल्या. "माजी खोली काय पळून जात न्हाई. म्हयन्याला थोडं थोडं द्या म्हंजी झालं."

त्यांनी कागद मागितला नाही. एका ताटलीत भंडारा आणि बेलाची पानं ठेवली आणि प्रत्येक खोलीतल्या कर्त्या माणसाने खंडोबाची शपथ घेऊन बेलभंडार उचलला. भाऊंनी सगळ्यांत आधी उचलला, आणि दुसऱ्या दिवशी मावशींचे पैसे नगरपालिकेत भरून जप्ती थांबवून आले. दर महिन्याला पैसे गोळा करायचं काम मावशींनी माझ्या गळ्यात घातलं. "तू चार बुकं शिकलीयास," म्हणाल्या. मी मान हलवली. नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

संप मिटला. पगार सुरू झाले. पगाराच्या दुसऱ्या दिवशी बायका आपणहून माझ्या दारात पैसे आणून देऊ लागल्या. असे काही महिने छान गेले, मला कुणाला एक शब्द विचारावा लागला नाही.

मग सभेचा निकाल आला. कर्ज घेणारी संस्थाच उरलेली नाही, वसूल कुणाकडून करायचं, म्हणून नगरपालिकेने राहिलेलं सगळं कर्ज माफ केलं आणि खोल्या राहणाऱ्यांकडेच ठेवल्या. चाळीत गुलाल उडाला. भाऊंच्या गळ्यात हार पडला. मावशींनीही पेढा खाल्ला आणि अर्धा माझ्या तोंडात कोंबला.

पुढच्या पगाराला माझ्या दारात कुणी आलं नाही.

मला वाटलं, कुणाकडे पाहुणे असतील, कुणी विसरलं असेल. दोन दिवस थांबून मी तिसऱ्या खोलीतल्या बाईला नळावर हळूच विचारलं. ती हसायलाच लागली. "अहो वहिनी, कर्ज माफ झालं ना! पेढे खाल्लेत की तुम्ही."

"ते नगरपालिकेचं," मी म्हटलं.

"मग मावशींनी पैसे कशापायी दिले होते? त्याच कर्जापायी ना? आता मुळात कर्जच नाही, तर आपण भरायचं काय?"

ती लबाडीने बोलत नव्हती, हेच अवघड होतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि पुष्कळांना वाटत होतं. भाऊंनी सांगितल्यावर तर ते पक्कंच झालं. भाऊ म्हणाले, बेलभंडार उचलला तो कर्ज फेडायचा, कर्ज सुटलं म्हणजे शपथही सुटली. ह्यांनीही तेच ऐकून घरी आणलं. आमचा वाटा मी आधीच मावशींना देऊन टाकला होता, त्यावरून ते माझ्यावर चिडले. "सगळी चाळ मूर्ख आणि तू एकटी शहाणी?"

मावशींना मी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं. दिराचा पुन्हा निरोप आला होता. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वाट बघतो, नाहीतर त्या खोलीत म्हशी बांधतो.

तेव्हापासून मला स्वस्थता नव्हती. भात चुलीवर ठेवून दारात यायचे, आत जायचे, पुन्हा दारात यायचे, तोवर भात लागायचा. नळाच्या रांगेत उभी असले की वाटायचं आता विचारावं. शब्द जिभेवर यायचा, तेवढ्यात पुढचीची बादली भरायची आणि ती निघून जायची. मनातल्या मनात मी भाऊंशी इतकी भांडले की त्यांच्याकडे बघायचीही मला लाज वाटू लागली.

शेवटी मला जे जमण्यासारखं होतं ते मी केलं. मागता येत नाही, तर बसायचं. दुपारी एकेका खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसायचे. बाई लसूण सोलत असली तर लसूण सोलू लागायचे, गहू निवडत असली तर सूप ओढून घ्यायचे. पैशांचं काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं, आणि सूर्य कलला की उठायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

"आल्या बँकेच्या साहेबीणबाई," असं बायका मला ऐकू येईल इतकं मोठ्याने म्हणायच्या. एकीने तर सासूला सांगितलं, "बसू दे हो, निदान निवडण तरी होतंय आपलं." पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई कासावीस व्हायची. मी काही म्हणत नसे, तरी तीच सांगायला लागायची की मुलाची फी होती, नणंद आली होती. असं स्वतःशीच बोलता बोलता उठायची आणि डब्यातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवायची. सगळं नाही, पण काहीतरी. पाच-सहा खोल्या अशा पुन्हा सुरू झाल्या.

मावशींनी मला एकदा बोलावून विचारलं, "तू तितं जाऊन बोलतीस तरी काय?"

"काही नाही. बसते."

"बसून काय हुतंय गं?"

"मावशी, म्हशीचं दूध काढायलाही बसावंच लागतं."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "आता म्हशीचं नाव नको काढू बाय," म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःच बोलल्या, "त्या भाऊला येक इचार. नगरपालिकेनं माफ केलं ते मेलेल्याचं. संस्था मेली व्हती म्हणून. तुमच्यातलं कोण मेलंय, असं इचार त्याला. मी इचारलं तर भांडान हुईल. तू इचार."

हे मी कसं विचारणार होते? पण तेव्हापासून ते माझ्या डोक्यात घुमत राहिलं. भाऊ देत नाहीत तोवर बाकीचेही देणार नाहीत, हे मला दिसत होतं आणि पाडवा जवळ येत होता.

कंपनीत बोनस वाटला त्या दिवशी मी भाऊंच्या उंबऱ्यात जाऊन बसले. आत त्यांची बायको चकल्या तळत होती. मी सोऱ्या घेतला आणि चकल्या पाडू लागले. बाहेरच्या बाकड्यावर भाऊ आणि त्यांचे युनियनचे दोन-तीन मित्र चहा पीत बसले होते. त्यातल्या एकाने मला बघून विचारलं, "वहिनी पाहुण्या आहेत का?"

"शेजारी आहेत," भाऊ म्हणाले. "त्यांना बसायची सवय आहे."

सगळे हसले. माझ्या हातातली चकली तुटली.

तेवढ्यात आतून त्यांची बायको म्हणाली, "सवय कसली? आपल्याकडं मावशींचे पैसे राहिलेत, म्हणून येतात त्या."

"राहिलेत कसले?" भाऊंचा आवाज चढला. "कर्ज माफ झालंय. मी स्वतः माफ करून आणलंय. सगळ्या गावाला माहीत आहे."

मित्राने माझ्याकडे बघितलं. भाऊंनी बघितलं. मला वाटलं उठून पळावं, पण हात पिठात होते. मावशींचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. 'मेलंय' हा शब्द मी त्यांच्या दारात, दिवाळीच्या तोंडावर कसा काढणार? शेवटी जे निघालं ते असं:

"संस्था राहिली नाही, म्हणून तिचं माफ झालं. तुम्ही... तुम्ही आहात ना, भाऊ?"

मी जणू त्यांची तब्येतच विचारत होते. मग त्यांचा मित्र खो-खो हसत सुटला. "सांग की राव! आहेस का तू? हजेरी लाव!"

दुसरा म्हणाला, "गैरहजर असशील तर बोनस आम्ही वाटून घेतो, भावा."

भाऊंचा चेहरा लाल झाला. "मी काय देत नाही म्हटलं होतं का?" ते म्हणाले. "उद्या बघू." पण त्यांच्या बायकोने झारा ठेवला, हात पुसले, खुंटीवरच्या शर्टातून बोनसचं पाकीट काढलं आणि राहिलेला सगळा वाटा मोजून माझ्या पदरात टाकला. भाऊ बघत राहिले. मग म्हणाले, "घ्या, घ्या. आणि दोन चकल्याही न्या."

ती गोष्ट संध्याकाळच्या आत चाळभर झाली. लोक ज्याला त्याला हजेरी लावायला सांगू लागले. दुसऱ्या दिवशी मला कुठेच बसावं लागलं नाही. लोक येताना तोंडं वाकडी करत, कुणी पैसे आपटून ठेवत, कुणी म्हणे एवढासुद्धा विश्वास नाही का आमच्यावर. मी घेत गेले. ह्यांनी कोपऱ्यात बसून सगळं पाहिलं आणि माझ्यासाठी चहा त्यांनी केला.

एक कुटुंब मात्र खोली सोडून भोसरीला गेलं होतं. मी कधी एकटी बसमध्ये बसले नव्हते. कंडक्टरला उतरायचं ठिकाण सांगताना माझा आवाज निघेना, त्याने दोनदा "काय?" विचारलं. पत्ता शोधत गेले. ती बाई मला बघून चकित झाली. "आम्हाला वाटलं खोली सोडली, म्हणजे सुटलो," म्हणाली. मी तिच्याही उंबऱ्यात बसले. तिने आधी पाणी दिलं, मग चहा, मग भाजी निवडायला काढली. तिचा नवरा पहिल्या शिफ्टहून आला तेव्हा मी मेथीची अर्धी जुडी निवडून संपवली होती. त्याने बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं, दे त्यांना," म्हणाला, "अंधार पडायच्या आत घरी जाऊ देत."

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मावशींच्या खोलीत गेले. त्यांनी ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती, पैसे यायच्या आधीच. मी पदराची गाठ सोडली आणि सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी नोटा वेगळ्या केल्या, नाणी वेगळी केली, आधीच्या महिन्यांची पुरचुंडी काढून त्यात घातली आणि बोटं मोजत सावकाश हिशेब लावला. एकदा चुकल्या, पुन्हा सुरुवातीपासून लावला.

"पुरं हाय," त्या म्हणाल्या. "पै न् पै आली."

मग पुरचुंडी कमरेला खोचून त्यांनी वरून लुगडं घट्ट केलं.